अमळनेरचा शेअर आणि निर्देशांकाचा हिशेब

मार्च 2020 मध्ये देशात सुमारे 4 कोटी डीमॅट खाती होती. ऑगस्ट 2022 मध्ये ती 10 कोटींच्या पुढे गेली. तिकडे म्युच्युअल फंडांत एसआयपीने महिन्याला जमा होणारी रक्कम ऑक्टोबर 2024 मध्ये पहिल्यांदा 25 हजार कोटींवर पोचली. या दोन्ही आकड्यांमागची माणसे बरीचशी तीच आहेत. पगार झाला की पाच तारखेला एसआयपी कापली जाते, आणि उरलेल्यातून ऑफिसातल्या कुणी सांगितलेले दहा-वीस शेअर उचलले जातात. फंड घ्यावा की थेट शेअर, या प्रश्नाचे बहुतेकांनी उत्तर शोधलेलेच नसते. दोन्ही घेऊन प्रश्न टाळलेला असतो.

फंडाच्या पोटातही शेअरच असतात, त्यामुळे एक सुरक्षित आणि दुसरा धोक्याचा ही विभागणी पहिल्या पायरीवरच कोसळते. बाजार पडला की दोन्ही पडतात. निफ्टी जानेवारी 2020 मध्ये बारा हजारांवर होता, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात साडेसात हजारांवर आला, तेव्हा फंडवाल्यांचीही झोप उडालीच होती. खरा फरक इतकाच की कंपन्या कोण निवडतो, त्या किती असतात, त्यासाठी वर्षाला किती पैसे जातात, कर केव्हा लागतो, आणि निवड चुकली तर किती मुद्दल जाते. यातला शेवटचा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो आणि त्याच्याबद्दल सगळ्यांत कमी बोलले जाते.

थेट शेअरच्या बाजूने महाराष्ट्रात सांगितली जाणारी सर्वांत मोठी गोष्ट अमळनेरची. 1945 च्या डिसेंबरात एम. एच. प्रेमजींनी तिथे वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही वनस्पती तुपाची कंपनी काढली. गावातल्या शेतकऱ्यांनी, दुकानदारांनी, नोकरदारांनी तिचे शेअर घेतले. 1966 साली वडील गेले तेव्हा एकवीस वर्षांचे अझीम प्रेमजी अमेरिकेतले शिक्षण सोडून परत आले. तूप आणि साबण करणारी कंपनी पुढे संगणकाकडे वळली, तिची विप्रो झाली, आणि बोनस व विभाजनांतून शेअरची संख्या वाढत जाऊन खानदेशातल्या या तालुक्याच्या गावात साध्या घरांत राहणारे कोट्यधीश तयार झाले. गोष्ट खरी आहे. ती सांगणारा मात्र एक गोष्ट गाळतो. 1946 साली वनस्पती तुपाची कंपनी म्हणून शेअर घेणाऱ्या एकालाही ती सॉफ्टवेअर विकणार हे ठाऊक नव्हते. त्यांच्या पदरी जे पडले त्यात कंपनी ओळखण्यापेक्षा न विकण्याचा वाटा मोठा होता. गाव आपले, कारखाना डोळ्यांसमोर आणि भाव रोज कळण्याची सोय नाही, अशा स्थितीत न विकणे तुलनेने सोपेही होते.

घराजवळची कंपनी हाच निकष लावायचा तर अमळनेरशेजारी सोलापूर ठेवले पाहिजे. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग, म्हणजे सोलापूरकरांची जुनी मिल, तिचेही भागधारक होते आणि तीही सगळ्यांच्या डोळ्यांसमोरच होती. कारभार बिघडून ती 1949 मध्ये बंद पडली. जानेवारी 1950 मध्ये सरकारने वटहुकूम काढून ताबा घेतला. चिरंजितलाल चौधुरी नावाचे भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेले आणि त्याच वर्षी हरले. सरकारने नेमलेल्या संचालकांनी तर पूर्ण न भरलेल्या शेअरवर उरलेली रक्कम भरा म्हणून मागणी केली. द्वारकादास श्रीनिवास यांनी त्याला आव्हान दिले आणि डिसेंबर 1953 मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. कायद्याचे विद्यार्थी हे खटले आजही वाचतात. गुंतवणुकीवर लिहिणारे वाचत नाहीत, कारण बंद पडलेल्या गिरणीच्या भागधारकाची मुलाखत घ्यायला कुणी जात नाही. अमळनेर आपल्याला दिसते ते विप्रो टिकली म्हणून. गिरणगावातल्या आणि सोलापुरातल्या कागदांची रद्दी झाली, तिचा हिशेब कुठे मांडलेला नाही.

तो हिशेब अमेरिकेत एकाने मांडला. हेंड्रिक बेसेमबाइंडर यांनी 1926 ते 2016 या काळातले तिथले सुमारे 26 हजार शेअर तपासले आणि 2018 साली निष्कर्ष छापले. बँकेतल्या ठेवीसारख्या अल्पमुदतीच्या सरकारी रोख्यांपेक्षा निम्म्याहून अधिक शेअरांनी त्यांच्या सबंध आयुष्यात कमी दिले. नव्वद वर्षांत बाजाराने जी निव्वळ संपत्ती निर्माण केली ती सगळी 4 टक्के कंपन्यांमधून आली, बाकीच्या 96 टक्क्यांनी मिळून जेमतेम सरकारी रोख्यांएवढे दिले. बाजार चांगला परतावा देतो आणि बहुसंख्य शेअर वाईट देतात, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात. शेअरचा भाव शून्याखाली जात नाही, वर मात्र कितीही जातो. म्हणून थोड्या कंपन्या सरासरी ओढून नेतात आणि त्या आपल्या दहा-बारांत असतील याची खात्री नसते. सगळा बाजारच घेतला तर त्या आपोआप आत असतात.

आपल्याकडे हेच पाहायचे तर 1986 साली सेन्सेक्स सुरू झाला तेव्हाची यादी काढावी. त्यात प्रीमियर ऑटोमोबाइल्स होती, म्हणजे कुर्ल्याच्या कारखान्यातून पद्मिनी गाडी काढणारी. हिंदुस्थान मोटर्स होती. चंद्रपूर जिल्ह्यातल्या कागद कारखान्याची बल्लारपूर इंडस्ट्रीज होती, ती 2020 मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. त्या काळच्या कोणत्याही शहाण्या माणसाने ही नावे भरवशाची म्हणूनच सांगितली असती. आयटीसी आणि हिंदुस्थान लिव्हरही त्याच यादीत होत्या. सेन्सेक्स तेव्हापासून कित्येक पटींनी वाढला, कारण मागे पडलेली नावे निघत गेली आणि नवी येत गेली. निर्देशांक फंड घेणाऱ्याला प्रीमियर विकण्याचा निर्णय कधी घ्यावाच लागत नाही. ज्याच्याकडे प्रीमियरचा शेअर असतो त्याला तो घ्यावा लागतो, आणि ‘आता इतक्या खाली विकून काय मिळणार’ म्हणत तो वर्षानुवर्षे लांबणीवर पडतो.

एवढ्यावर फंडाच्या बाजूने निकाल देऊन मोकळे होता आले असते, पण फंडांचा इतिहासही काही सोवळा नाही. युनिट ट्रस्टची यूएस-64 ही योजना 1964 पासून मध्यमवर्गाच्या घराघरांत होती, पोस्टातल्या बचतीइतकी निर्धास्त मानली जायची. तिचा खरेदी-विक्रीचा भाव आतल्या शेअरांच्या किमतीशी बांधलेला नव्हता, तो जाहीर केला जायचा. आतले मूल्य घसरले तरी बाहेरचा भाव चढता राहिला, आणि जुलै 2001 मध्ये विक्री आणि परतखरेदी दोन्ही थांबवावी लागली. शेवटी युनिटधारकांना 6.75 टक्क्यांचे करमुक्त रोखे देऊन प्रकरण मिटवले. त्याआधी 1994 च्या जानेवारीत मॉर्गन स्टॅनलीच्या ग्रोथ फंडाच्या अर्जांसाठी रांगा लागल्या होत्या. नव्या कंपनीच्या शेअरसारखाच हाही बाजारात येताच दुप्पट होणार अशी लोकांची समजूत होती. पण दहा रुपयांच्या युनिटमधून दहा रुपयांचेच शेअर घेतले जातात, हे रांगेत कुणी सांगत नव्हते. त्या युनिटचा भाव पुढे बराच काळ आतल्या मूल्याच्याही खाली राहिला. आजही एखादा नवा फंड दहा रुपयांना ‘स्वस्त’ मिळतो म्हणून घेणारे भेटतात.

आज नियम पुष्कळ कडक आहेत. सक्रिय फंडाला एका कंपनीत दहा टक्क्यांहून अधिक रक्कम ठेवता येत नाही, युनिटचे आतले मूल्य म्हणजे एनएव्ही रोज जाहीर होते, 2009 पासून प्रवेश शुल्क बंद आहे, 2013 पासून वितरकाशिवाय थेट योजना घेता येते. तरीही दुखणे उरते ते खर्चाचे. महिना 10 हजार रुपये वीस वर्षे भरले, म्हणजे एकूण 24 लाख. वर्षाला 12 टक्क्यांनी वाढले तर साधारण 99.9 लाख होतात, 11 टक्क्यांनी 87.4 लाख. एका टक्क्याच्या खर्चाने साडेबारा लाख जातात, म्हणजे भरलेल्या मुद्दलाच्या निम्म्याहून जास्त. निफ्टीच्या साध्या फंडाची थेट योजना वर्षाला पाव टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी घेते. वितरकामार्फत घेतलेल्या सक्रिय फंडात हा आकडा दीड-दोन टक्क्यांच्या घरात जातो. जास्त पैसे घेणारा जास्त मिळवून देतो म्हणावे, तर मोठ्या कंपन्यांच्या फंडांबाबत सक्रिय फंडांची निर्देशांकाशी तुलना करणारे एस अँड पीचे स्पिव्हा अहवाल वर्षानुवर्षे सांगत आले आहेत की लांब पल्ल्यात त्यांतले बहुसंख्य निर्देशांकाच्या मागेच राहतात.

आता कुठल्याही चार लार्ज कॅप फंडांची महिन्याची फॅक्टशीट शेजारी-शेजारी ठेवून पाहा. पहिल्या दहा नावांत एचडीएफसी बँक, आयसीआयसीआय बँक, रिलायन्स, इन्फोसिस, लार्सन ही मंडळी सगळीकडे हजर असतात, फक्त खालीवर. याचे एक कारण सेबीच्याच 2017 च्या वर्गवारीत आहे. बाजारमूल्यानुसार पहिल्या शंभरांत किमान 80 टक्के रक्कम ठेवायची म्हटल्यावर वेगळे काय करणार? ‘माझे सहा फंड आहेत’ असे अभिमानाने सांगणाऱ्याकडे प्रत्यक्षात एकच पोर्टफोलिओ असतो, सहा वेगवेगळ्या व्यवस्थापकांना फी देऊन चालवलेला. निर्देशांकही अगदी पसरलेला नसतो म्हणा. एचडीएफसी लिमिटेडच्या विलीनीकरणानंतर निफ्टीत एकट्या एचडीएफसी बँकेचाच वाटा दहा टक्क्यांच्या वर आहे, आणि वित्तीय कंपन्या मिळून साधारण एक तृतीयांश.

करात फंडाला एक मोठी सवलत आहे, ती फारशी चर्चेत येत नाही. जुलै 2024 पासून शेअर आणि शेअर-आधारित फंड दोन्हींना दर सारखेच आहेत: वर्षाच्या आत विकले तर नफ्यावर 20 टक्के, नंतर विकले तर वर्षाला सव्वा लाखापर्यंतचा नफा माफ आणि त्यापुढच्या नफ्यावर साडेबारा टक्के. पण फंडाच्या आत व्यवस्थापकाने एक कंपनी विकून दुसरी घेतली तर युनिटधारकाला त्या क्षणी काहीच भरावे लागत नाही. तीच अदलाबदल आपण आपल्या डीमॅटमध्ये केली की दर वेळी कराचा प्रसंग येतो, शिवाय डिलिव्हरीवर खरेदीला 0.1 आणि विक्रीला 0.1 टक्के एसटीटी हा व्यवहार कर, आणि विकल्यावर प्रत्येक कंपनीमागे डीपीचे थोडे रुपये. शेअर घेऊन पंधरा वर्षे हलवायचे नाहीत असा स्वभाव असेल तर मात्र थेट शेअर फंडापेक्षा स्वस्त पडतात, त्यांना वार्षिक खर्चच नाही. सतत हलवणाऱ्यासाठी फंड स्वस्त. म्हणजे स्वस्त काय, ते आपल्या हाताच्या खाजेवर ठरते.

मग शेअर घ्यावेच कुणी? ज्याला कंपनीचा वार्षिक अहवाल वाचायला आवडतो, त्याने. हे मी गंमत म्हणून लिहीत नाही. पंधरा कंपन्या ठेवल्या की वर्षाला साठ तिमाही निकाल आले. त्यांतले रोख प्रवाहाचे पान, कर्जाचे पान, प्रवर्तकांनी किती शेअर तारण ठेवलेत ते, आणि लेखापरीक्षकाच्या शेऱ्यांतली बारीक अक्षरे, एवढे तरी नजरेखालून घालायला हवे. छोट्या गुंतवणूकदाराला काही मोकळीक अशी आहे जी फंडाला नाही. वीस-तीस हजार कोटींचा फंड लहान कंपनीत शिरला तर तिचा भावच हलतो, आपल्या पन्नास हजारांनी काही हलत नाही. बाजार पडला की घाबरलेले युनिटधारक पैसे मागतात आणि व्यवस्थापकाला नको त्या भावाला विकावे लागते. आपल्याला कुणी भाग पाडत नाही. इन्फोसिसची 1993 ची विक्री आठवावी. 95 रुपयांना दिलेला शेअर पुरेसा खपला नव्हता, मॉर्गन स्टॅनलीने मोठा हिस्सा उचलला. त्या दिवशी अर्ज भरणाऱ्या पुण्या-बंगळुरूच्या सामान्य माणसाला कोणत्याही व्यवस्थापकाची गरज नव्हती.

पण अहवाल वाचून सगळे कळते असेही नाही. सत्यमचे अहवाल उत्तम छापलेले असत आणि लेखापरीक्षक जगप्रसिद्ध होते. 7 जानेवारी 2009 रोजी कंपनीचे संस्थापक रामलिंग राजूंचे हिशेबातल्या घोटाळ्याची कबुली देणारे पत्र आले आणि एका दिवसात तीन चतुर्थांशाहून अधिक भाव गेला. मार्च 2020 मध्ये अडचणीतली येस बँक वाचवताना आणखी वेगळे घडले. शंभराहून अधिक शेअर असणाऱ्यांचे 75 टक्के शेअर तीन वर्षांसाठी गोठवले गेले, विकायचे म्हटले तरी विकता येईनात. निर्देशांक फंडांचेही शेअर अडकले, पण तोवर निफ्टीत त्या बँकेचे वजन इतके घटले होते की युनिटधारकांना ते जाणवलेही नाही. दिवाळखोरीत गेलेल्या डीएचएफएल या गृहकर्ज कंपनीत तर 2021 मध्ये सामान्य भागधारकांच्या हाती शून्य उरले. यापैकी कोणत्याही प्रसंगात हुशारीने बचाव झाला नसता. एकाच नावात किती टक्के होते, एवढ्यावरच सारे ठरले.

हिंजवडी-खराडीकडच्या आयटीतल्या मंडळींनी याकडे विशेष लक्ष द्यावे. कंपनीकडून मिळालेले शेअर विकणे त्यांना बेइमानी वाटते, म्हणून ते साठत राहतात. पगार त्याच कंपनीचा, बोनस तिचाच, घराचे हप्ते त्या पगारातून, आणि बचतही तिच्याच शेअरात. क्षेत्रावर मंदी आली की नोकरी आणि भाव एकाच आठवड्यात डळमळतात. हातात येतील तसे ते विकून पैसे फंडात टाकणे मला शहाणपणाचे वाटते, कंपनी कितीही चांगली असो.

उरला स्वतःला तपासण्याचा प्रश्न, आणि इथेच बहुतेक शेअरवाले निसटतात. ‘माझा अमुक शेअर पाचपट झाला’ हे सगळे सांगतात, पण सगळ्या शेअरांचा मिळून परतावा किती, हे विचारले की उत्तर येत नाही. अमेरिकेत ब्रॅड बार्बर आणि टेरन्स ओडीन यांनी 66,465 कुटुंबांची 1991 ते 1996 मधली खाती तपासली. सर्वांत जास्त उलाढाल करणाऱ्यांना वर्षाला 11.4 टक्के मिळाले, बाजाराने त्याच काळात 17.9 टक्के दिले. आपले खाते तपासायला एक वही आणि रविवारची दुपार पुरते. 12 जून 2019 रोजी 40 हजारांचे शेअर घेतले असतील तर त्या दिवशीची निफ्टी फंडाची एनएव्ही शोधायची. जुन्या एनएव्ही अॅम्फी या फंडांच्या संघटनेच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. 40 हजारांत किती युनिट आली असती ते लिहायचे. प्रत्येक खरेदीला असेच, विक्रीला त्या रकमेची युनिट वजा. शेवटी उरलेल्या युनिटांची आजची किंमत आणि शेअरांची आजची किंमत शेजारी मांडायची, मधे मिळालेला लाभांशही शेअरांच्या बाजूला धरायचा. तोट्यात विकून विसरलेले शेअरही यादीत हवेत, नाहीतर या कसरतीला अर्थ नाही. सलग पाच वर्षांच्या अशा हिशेबात जो निर्देशांकाच्या पुढे राहतो, त्याने खुशाल शेअरांचा वाटा वाढवावा. माझ्या पाहण्यात असे लोक थोडे आहेत, आणि ते टिप देत फिरत नाहीत.

बाकीच्यांनी मुलांचे शिक्षण, निवृत्ती, घर यांचे पैसे एक-दोन स्वस्त निर्देशांक फंडांत ठेवावेत. वाटल्यास मिड कॅपचा एक फंड जोडावा. शेअरची हौस असेल तर एकूण गुंतवणुकीच्या दहा-पंधरा टक्क्यांत भागवावी आणि एका कंपनीत दोन-तीन टक्क्यांपुढे जाऊ नये. फ्युचर्स-ऑप्शनमध्ये खेळणे हा शेअर गुंतवणुकीचाच पुढचा टप्पा समजू नये. 2022 ते 2024 या तीन आर्थिक वर्षांत त्यात उतरलेल्या दर शंभरांतल्या 93 व्यक्तींना तोटा झाला आणि एकूण आकडा 1.8 लाख कोटींवर गेला, हे सेबीचेच निरीक्षण आहे.

वय वाढते तसा आणखी एक मुद्दा पुढे येतो, तो परताव्याचा नाही. घरात शेअर पाहणारा बहुतेक वेळा एकटाच असतो. तो गेला की मागे तेवीस कंपन्या, दोन डीमॅट खाती आणि कपाटात काही कागदी प्रमाणपत्रे राहतात, त्यांवर आडनावाचे स्पेलिंग तीन तऱ्हेचे. कागदी शेअरांची खरेदी-विक्री 1 एप्रिल 2019 पासून बंद आहे. सलग सात वर्षे लाभांश घेतला नाही तर शेअरच सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत (आयईपीएफ) जातात. तिथून सोडवायला आयईपीएफ-5 अर्ज, मग कंपनीची पडताळणी, वारसाचे दाखले, आणि पुष्कळ महिने. विसरलेले फंड शोधायला सेबीने फेब्रुवारी 2025 मध्ये मित्र नावाची सोय सुरू केली आहे. दोन फंडांच्या फोलिओंवर वारसाचे नाव चढवणे हे तेवीस कंपन्यांचे काय करायचे ते ठरवण्यापेक्षा खूप सोपे. म्हणून पासष्टीनंतर शेअर थोडे थोडे विकत जाऊन निर्देशांक फंडाकडे वळणे बरे. वर्षाला सव्वा लाखापर्यंतच्या नफ्यावर कर नाही, त्या मर्यादेत दरवर्षी विकले तर बोजा फार पडत नाही. फेब्रुवारी 2018 आधी घेतलेल्या शेअरांना खरेदी किंमत म्हणून 31 जानेवारी 2018 चा भाव साधारणपणे धरता येतो, त्यामुळे खूप जुन्या शेअरांवरचा नफा कागदावर दिसतो त्यापेक्षा कमी निघतो. त्या दिवसाचे भाव आणि आपल्या खरेदीच्या तारखा एका कागदावर लिहून तो नॉमिनीच्या हाती आत्ताच द्यावा. वारसालाही मूळ खरेदीचीच तारीख आणि किंमत लागू होते, आणि ती त्याला दुसरीकडून सहजासहजी मिळत नाही.